सात जिवंत माणसांना तुम्ही मारलंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नेदरलँड्समधल्या डेन हाम गावच्या स्मारकावर तुम्ही पानभर लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. मराठी वर्तमानपत्रात असा विषय सहसा कुणी घेत नाही. पण शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि पेपर खाली ठेवावा लागला. तुमचे लेखक लिहितात की, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक लेस नाइट याने कोसळणारं विमान गावाबाहेर नेलं आणि ‘तो व त्याचे इतर सहकारी जागीच ठार झाले’. साफ चूक. त्या विमानात आठ जण होते. गेला तो एकटा नाइट. बाकीचे सातही जण जगले. आणि ते जगले म्हणूनच आज डेन हाममध्ये त्याची आठवण आहे. नाइटने शेवटच्या काही मिनिटांत काय केलं, हे सांगायला तेच तर मागे राहिले होते.

एवढी मोठी गोष्ट उलटीपालटी छापायची म्हणजे काय? रात्रभर मला हेच डोक्यात होतं, म्हणून आज लिहायला बसलो.

१५ सप्टेंबर १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनची, म्हणजे विमानतुकडीची, आठ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं जर्मनीतला डॉर्टमुंड-एम्स कालवा फोडायला निघाली. प्रत्येकाच्या पोटात १२ हजार पौंडांचा, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपासचा बॉम्ब. खाली दाट धुकं आणि उड्डाण झाडांच्या शेंड्यांवरून. आठांपैकी पाच विमानं परत आली नाहीत. नाइटचं विमान झाडांना घासलं आणि डाव्या पंखावरची दोन्ही इंजिनं निकामी झाली. त्याने बॉम्ब टाकून देण्याची परवानगी मागितली, तो टाकला, आणि विमान पश्चिमेकडे काढलं. उंची टिकेना, तेव्हा एकेकाला पॅराशूटने उडी मारायला लावली. अशा एका बाजूला ओढणाऱ्या विमानात ज्याच्या हातात कंट्रोल असतो त्याने हात सोडला, की दाराशी पोचायच्या आत विमान उलटतं. नाइटला ते माहीत होतं. सातवा माणूस बाहेर पडल्यावर तो एकटाच विमान शेतात उतरवायला गेला. वय २२. मेलबर्नचा मुलगा.

आता तुमच्या ‘इतर सहकाऱ्यां’ची नावं. फ्लाइट इंजिनिअर रे ग्रेस्टन, नेव्हिगेटर सिडनी हॉबडे, वायरलेस ऑपरेटर रॉबर्ट केलो, बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा) एडवर्ड जॉन्सन आणि तीन गनर, फ्रेड सदरलँड, हॅरी ओब्रायन, लेस वूलर्ड. ग्रेस्टन आणि ओब्रायन जर्मनांच्या हाती लागले, युद्धकैदी झाले. उरलेले पाच जण सुटले. पण ते आपोआप सुटलेले नाहीत. डच माणसांनी त्यांना घरात लपवलं, अंगावर साधे कपडे चढवले, एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन करत देशाबाहेर काढलं. हॉबडे आणि सदरलँड तर फ्रान्स ओलांडून, पिरेनीज चढून स्पेनपर्यंत पोचले. त्या काळी शत्रूचा वैमानिक घरात सापडला तर घरधन्याला गोळी किंवा छळछावणी. हे सगळं करणाऱ्या शेतकऱ्यांचा तुमच्या लेखात एका ओळीनेही उल्लेख नाही, कारण तुमच्या लेखात लपवायला कुणी जिवंतच उरलं नाही! फ्रेड सदरलँड कॅनडात २०१९ साली वारला, ९५ वर्षांचा होऊन. नाइटने स्वतःच्या जिवावर त्याला जे आयुष्य दिलं ते तुमच्या एका वाक्याने पुसून टाकलं.

तुम्ही म्हणाल, एका वाक्याचं एवढं काय मनावर घ्यायचं. मी का घेतो ते सांगतो.

माझी सगळी नोकरी हवाई दलात गेली, जमिनीवर, इंजिनांच्या कामात. माझ्यासोबत ट्रेनिंगला असलेला, आमच्याच जिल्ह्यातला एक मित्र पुढे फ्लाइट इंजिनिअर झाला. त्याचं मालवाहू विमान डोंगरात आदळलं, कुणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या पेपरात बातमी आली. वैमानिकाचं नाव, हुद्दा, गाव, आणि पुढे ‘व इतर चार कर्मचारी’. रजेवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. मावशींनी पत्र्याच्या डब्यातून ते कात्रण काढलं. त्याच डब्यात रेशनकार्ड होतं, त्याचा शाळेचा दाखला होता आणि हवाई दलाची तार होती. त्यांना वाचता येत नव्हतं. गावातल्या कुणीतरी कात्रण आणून दिलं होतं आणि ‘तुमच्या पोराचं पेपरात आलंय’ एवढंच सांगितलं होतं. मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाल्या. पुन्हा वाचलं. मग विचारलं, “ह्यात त्येचं नाव कुटं हाय?” मी गप्प. त्याच पुढे म्हणाल्या, “इतर म्हंजी त्यो व्हय?”

त्या माउलीला मी काय उत्तर द्यायचं होतं, ते त्या पेपराच्या संपादकांनी येऊन सांगायला हवं होतं. तेव्हा मी पत्र लिहिलं होतं. ते छापलं नाही, उत्तरही आलं नाही. म्हणून ‘इतर’ हा शब्द विमानाच्या बातमीत दिसला की मी पान उलटू शकत नाही.

हा काही फक्त भावनेचा प्रश्न नाही. बॉम्बर विमान एकट्या वैमानिकाचं नसतंच. तुमच्या लेखाच्या चौकटीत ‘नाइटने ईडर धरण फोडलं’ असं मोठ्या अक्षरात आहे. मे १९४३ मधली, जर्मनीतल्या त्या धरणाची गोष्ट नीट पाहा. बॉम्ब पाण्यावर टप्पे खात धरणाच्या भिंतीशी जायला हवा, म्हणून पाण्यापासून उंची बरोबर ६० फूट आणि वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. ना जास्त, ना कमी. विमानाच्या पोटाखाली दोन दिवे लावलेले, त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना भिडले की ६० फूट. ते झोत पाहून ‘खाली, आणखी खाली’ सांगत होता नेव्हिगेटर हॉबडे. थ्रॉटल हातात धरून वेग सांभाळत होता ग्रेस्टन. बॉम्ब टाकण्याआधी तो मिनिटाला ५०० फेऱ्यांनी उलटा फिरवत ठेवायचा, ते काम वायरलेस ऑपरेटर केलोचं. धरणाचे मनोरे नजरेत धरून बटण दाबणारा जॉन्सन. बंदुकींवर पुढे सदरलँड आणि मागे शेपटीच्या टोकाला एकटा ओब्रायन. यांतल्या एकाचा हात चुकला असता तरी धरण उभं राहिलं असतं आणि विमान समोरच्या डोंगरात गेलं असतं. नाइट थोरच होता, त्याच्या थोरपणात मला काही कमी करायचं नाही. पण त्या रात्री नाइट धरून सात जणांनी मिळून केलेलं काम एकाच्या नावावर लावलेलं त्यालाही आवडलं नसतं, एवढं मी माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून खात्रीने म्हणतो.

लेखात एके ठिकाणी ‘आपला या युद्धाशी संबंध तो काय’ असं म्हटलंय. संबंध आहे. लंडनच्या हेंडन भागातल्या हवाई दल संग्रहालयात आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर उभं आहे. शंभराहून अधिक मोहिमा करून टिकलेलं विमान. त्या विमानातून ८३ स्क्वाड्रनसाठी जर्मनीवर उड्डाणं केली शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनी. आडनावावरून माणूस कुठला ते वाचकांना सांगायला नको. त्यांना डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. आणि ते वैमानिक नव्हते, नेव्हिगेटर होते. तुमच्या रिवाजाप्रमाणे तेही ‘इतर सहकारी’! किती मराठी घरांत हे नाव माहीत आहे?

बॉम्ब टाकणाऱ्यांचं स्मारक असावं का, असाही प्रश्न लेखकाने जाता जाता टाकला आहे. प्रश्न खोटा नाही. त्या मे महिन्यातल्या धरणफोडीत हजारावर माणसं पुरात गेली. बहुतेक त्याच रात्री फोडलेल्या म्योने धरणाखालची, आणि त्यांत पूर्व युरोपातून धरून आणलेल्या शेकडो मजूर बायका, छावणीत कोंडलेल्या. ते मी विसरत नाही. ब्रिटनमध्येही हा वाद इतकी वर्षं चालला, की बॉम्बर कमांडच्या, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या ब्रिटिश दलाच्या, सुमारे सव्वा लाख हवाई कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मरूनही लंडनमधलं त्यांचं स्मारक व्हायला २०१२ साल उजाडलं. पण डेन हामच्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. त्यांच्या गावात एक परका मुलगा मेला, तोही गाव वाचवून, म्हणून जर्मनांचा अंमल असताना त्यांनी त्याला आपल्या दफनभूमीत जागा दिली. तो आजही तिथेच आहे, कुठल्या मोठ्या युद्ध दफनभूमीत त्याला हलवलेलं नाही.

मी ती जागा पाहिली आहे. मुलगी नोकरीनिमित्त त्या भागात राहते, तिने गाडीने नेलं. गावकऱ्यांच्या काळ्या ग्रॅनाइटच्या थडग्यांच्या मध्ये एकच पांढरा दगड, वर ऑस्ट्रेलियन हवाई दलाचं चिन्ह, नाव, हुद्दा, वय. खालची माती नुकतीच खुरपलेली होती, एक तण नव्हतं. शेजारच्या थडग्याला पाणी घालणाऱ्या आजींनी आम्हाला पाहून झारी बाजूला ठेवली आणि जावयाला डचमध्ये सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. नाइटची तर सांगितलीच, पण उडी मारलेले कोण कुठे सापडले, कुणाला कुठल्या वाटेने नेलं, तेही. त्या आजींनी ‘इतर’ म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट, लिहितोच आहे तर. लेखासोबत जे छायाचित्र छापलंत ते लँकेस्टर नाही. ते अमेरिकन बी-१७ आहे. लँकेस्टरच्या शेपटीला दोन उभे पंख असतात, चित्रातल्या विमानाला एकच मोठा आहे, आणि पंखावर अमेरिकेचा तारा स्पष्ट दिसतो. पुरवणीत विमानाचं चित्र छापताना ओळखणाऱ्या एखाद्याला फोन करायला काय हरकत होती? आमच्यासारखे निवृत्त लोक प्रत्येक तालुक्यात बसलेले आहेत, आनंदाने सांगतील.

आणि परदेशातल्या स्मारकावर पान खर्ची घातलंत, तर आपल्याकडचंही एकदा बघा. सातारा जिल्ह्यात, कोकणात कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाचे संगमरवरी फलक आहेत. त्यांवर लिहिलंय, या गावातून इतके इसम लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नुसता आकडा. नाव एकाचंही नाही. इंग्रजांच्या स्वतःच्या खेड्यांतल्या स्मारकांवर मात्र कामी आलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. आमच्या गावचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीत आहे, त्यावर दोनदा ऑइलपेंट फासला गेला आणि आता तो आकडाही धड वाचता येत नाही. ग्रामसभेत विषय मांडला, नावं शोधून लावू म्हटलं, तर ‘बघू’ असं उत्तर मिळालं. गावात अजून घरं आहेत ज्यांना पणजोबाचं नाव आणि पलटण तोंडपाठ आहे. ती पिढी गेली की विचारायचं कुणाला? तुमच्या वार्ताहराला एकदा पाठवा, मी घरोघर नेतो.

येत्या रविवारी पुरवणीत, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरात, दुरुस्ती छापावी ही विनंती. त्यात सातही नावं पूर्ण असावीत. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र छापू नका, पण नावं छापा.

आपला,
हवाई दलातून निवृत्त एक सार्जंट, जि. सातारा