सुट्टीत भरती-ओहोटीची वेळ पण छापा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या सोलापूर आवृत्तीत रोज तापमान येतं, सोन्याचा भाव येतो, उजनीत किती टक्के पाणी आहे ते येतं, पंचांग तर असतंच. माझी मागणी एवढीच आहे की मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच कोपऱ्यात कोकणातल्या भरती-ओहोटीच्या वेळा पण देत जा. लोक हसतील, म्हणतील सोलापूरला कुठला आला समुद्र, पण रत्नागिरी-नागपूर हायवे झाल्यापासून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरला की झालं, आणि शनिवारी गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये एमएच १३ च्या गाड्या मोजायला बसलात तर कंटाळा येईल.

आपल्याकडची माणसं काय करतात बघा. रात्री जेवून निघायचं, पहाटे घाट, सकाळी दर्शन, मग जेवण, मग बायकापोरं सगळी दुपारी पाण्यात. हॉटेल दोन महिने आधी बुक, मासे कुठं चांगले मिळतात ते चार जणांना विचारून ठेवलेलं, आणि पाणी कधी चढतं कधी उतरतं हे मात्र कुणालाच माहीत नसतं. तिथं टपरीवाल्याला विचारलं तरी तो दोन सेकंदात सांगतो, पण विचारतो कोण!

खरं तर हे कळायला कॅलेंडर पुरतं. कोकणात जुन्या लोकांचा हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, परत सहा तासांनी भरती, आणि रोज हे सगळं पाऊण-पाऊण तास पुढं सरकत जातं. गावागावाप्रमाणे अर्धा-एक तास इकडं तिकडं होतं, त्यामुळं हा अंदाज झाला, नक्की वेळ तिथल्या माणसालाच विचारायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे पाणी जास्त चढणार आणि जास्तच उतरणार, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा त्यामानानं कमी.

आता हाच हिशोब आपल्या सहलीला लावून बघा. गणपतीपुळ्याला सगळ्यात जास्त गर्दी कधी, तर संकष्टीला, म्हणजे चतुर्थी, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती पूर्ण आणि त्यानंतर ओहोटी लागली. आणि आपली मंडळी रांगेतून सुटून, प्रदक्षिणा करून, जेवूनखाऊन चार-पाच वाजता ऊन उतरलं म्हणून पाण्यात जातात, म्हणजे नेमकं पाणी आत ओढायला लागलेलं असतं तेव्हा. पौर्णिमेला तर अजून वाईट, अकरा-बाराला भरती आणि अख्खी दुपार उतरतं पाणी. तिथले लोक ओहोटी लागली की पाण्यात जाऊ नका म्हणून ओरडून सांगतात, आणि आपण म्हणतो, अहो पाणी तर कमी व्हायलंय, आता काय भीती.

गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की लाट परत जाताना टाचेखालची वाळू सरसर निघून जाते, माणूस तिथल्या तिथं दोन बोटं खचतो, आणि पुढची लाट आली की तोल गेला. साडी नेसलेली बाई असली तर ओली साडी पायात अडकते, तिला उठताच येत नाही. फोटोसाठी समुद्राकडं पाठ करून उभं राहणं हा तर आपला राष्ट्रीय खेळ झालाय, पोरगं कडेवर, मोबाईल समोर, आणि लाट मागून.

दुसरी गोष्ट, "आम्हाला पवायला येतंय" हे जे आहे ना ते जरा बाजूला ठेवा. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं, कॅनॉलला मुटके मारलेले, ते सगळं ठीक आहे पण विहिरीचं पाणी तुम्हाला ओढत नाही. समुद्रात लाटांनी किनाऱ्याकडं आणलेलं पाणी परत जायला एखादी चिंचोळी वाट धरतं आणि तिथून जोरात आत जातं. फसवणूक अशी की तेवढ्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, म्हणून घरचे लोक पोरांना मुद्दाम तिथंच नेतात. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून हातपाय मारायचे नाहीत, पट्टीचा पोहणारा पण दमतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकत ओढीच्या बाहेर पडायचं, मग लाटांबरोबर परत यायचं. आणि काठावरच्यांनी एकामागं एक उड्या टाकू नयेत. रिकामा कॅन, दोरी, ओढणी, जे हाताला लागेल ते फेकावं, जीवरक्षकाला हाक मारावी, ११२ लावावा, कोस्ट गार्डचा नंबर १५५४ आहे.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्याच्या कॉलेजची पोरं बुडून गेली, एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरीला बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे ८ जण गेले. दोन्हीकडची आपल्यासारखीच घाटावरची पोरं. म्हणून शाळा-कॉलेजची सहल कोकणात निघाली तर पालकांनी फी किती आणि जेवणात काय एवढंच न विचारता पाण्यात उतरवणार का, कधी, आणि काठावर बघायला कोण, हे पण विचारावं. घरच्या सहलीत सुद्धा एक मोठं माणूस पाण्यात न उतरता, मोबाईल खिशात घालून, फक्त पोरं मोजायला ठेवावं. बुडणारं पोरगं पिक्चरसारखं ओरडत नाही, तोंड पाण्यात आत-बाहेर होत असतं, आवाज काढायला श्वासच नसतो, शेजारच्याला वाटतं खेळायलंय.

बाहेर काढल्यावर आपल्याकडं पोट दाबतात, उलटं धरून गरगर फिरवतात, ते करू नका. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, मिनिटं जायला लागली की मेंदूला इजा होते, १०८ येईपर्यंत थांबून चालत नाही. हे शिकायला कोकणात जावं लागत नाही, आपल्या सोलापुरात पण शिकवणारे डॉक्टर मिळतील.

गाड्या वाळूत घालणाऱ्यांबद्दल काय लिहावं, रील निघतं आणि भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, जन्म समुद्रात गेलेली माणसं तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात आणि आपण जूनमध्ये पहिल्या पावसाची मजा घ्यायला त्याच पाण्यात. असो.

तर साहेब, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी, मालवण अशा चार ठिकाणच्या पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटीच्या वेळा, बस. माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडं तयार असते, ती उंच लाटांचा इशारा पण देते, तो आला असेल त्या दिवशी तेवढा ठळक टाईपात पहिल्या पानावर घ्या, म्हणजे रात्री गाडी काढायच्या आधी माणसाच्या नजरेला पडेल.

कळावे,
आपला एक वाचक,
जुळे सोलापूर