अभ्यासिकेतल्या दादांना, एका पिरियॉडिक टेबलसाठी मनापासून थँक्यू

दादा, तुमची एमएस्सीची परीक्षा झाली आणि तुम्ही गावी निघून गेलात, समोर थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, नंबरही घेतला नव्हता. म्हणून इथं लिहितेय, कधीतरी तुमच्या नजरेला पडेल.

मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियमची. आवर्तसारणी (म्हणजे पिरियॉडिक टेबल), मूलद्रव्य, अणुअंक सगळं पाठ होतं, पण अकरावीत एकदम सगळं इंग्लिश, त्यात स्टँडसमोरून घेतलेला पिरियॉडिक टेबलचा चार्ट भिंतीला लावून त्याच्यावरूनच पाठांतर चाललेलं. क्रोमियमचं कॉन्फिगरेशन, म्हणजे इलेक्ट्रॉनची मांडणी, मी थ्री डी फोर, फोर एस टू असं लिहिलं, टेस्टमध्ये मार्क गेले, आणि मला वाटलं माझंच पाठांतर कच्चं. तुम्ही तो चार्ट बघितलात आणि सरळ ११३ नंबरवर बोट ठेवलंत. तिथं अजून अनअनट्रियम, म्हणजे त्या मूलद्रव्याचं जुनं तात्पुरतं नाव, छापलेलं होतं. ११३ चं निहोनियम, आणि मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसॉन ही नावं नोव्हेंबर २०१६ मध्येच पक्की झालीत, म्हणजे हा चार्ट त्याच्याही आधीचा, असं म्हणालात, आणि मग क्रोमियमवर बोट, बघ चूक इथंच छापलीय, थ्री डी फाईव्ह, फोर एस वन पाहिजे. खरं सांगते, त्या दिवशी रडू यायचंच बाकी होतं, कारण इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत होते.

मग तुम्ही आययूपॅकचा, म्हणजे मूलद्रव्यांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, टेबल काढून दिलात, एका पानाचा, फुकट, खाली त्या आवृत्तीची तारीखसुद्धा असते. क्लोरीनचं अणुवस्तुमान आमच्या पुस्तकात ३५.५, चार्टवर ३५.४५३, आणि यात ३५.४५ आणि शिवाय पुढे ± ०.०१. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ हे क्लोरीनचे दोन वजनांचे अणू साधारण तीनास एक असतात पण नमुन्यागणिक प्रमाण थोडं हलतं, म्हणून ± लावून रेंज देतात, आणि परीक्षेत मात्र पेपरात जो आकडा दिलाय तोच धरायचा, हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलंत. पीबी म्हणजे शिसं का, तर लॅटिनमधलं प्लंबम, हेही तेव्हाच कळलं.

त्या पानावर कॉन्फिगरेशन, आयनायझेशन एनर्जी (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) असलं काही नसतं, त्यासाठी रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचा टेबल दाखवलात, मूलद्रव्यावर क्लिक केलं की सगळं उघडतं. सगळ्यात जास्त उपयोग मला रेडियसचा, म्हणजे अणूच्या त्रिज्येचा, झाला. सोडियमची त्रिज्या एकीकडे १८६ पिकोमीटर, दुसरीकडे २२७, मी म्हटलं यातलं खोटं कोणतं? तुम्ही म्हणालात दोन्ही खरे, एक मेटॅलिक (धातूत शेजारी असलेल्या अणूंवरून मोजलेली) आणि एक व्हॅन डर वाल्स (बंध नसलेल्या अणूंवरून), आधी कोणती त्रिज्या मोजलीय ते बघ आणि मगच तुलना कर. क्लोरीन ९९ आणि लगेच पुढचा आरगॉन १८८ कसा, हे कोडं तिथंच सुटलं, क्लोरीनची कोव्हॅलंट (बंधातल्या अणूंवरून मोजलेली) होती आणि आरगॉनची व्हॅन डर वाल्स! आमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणी तो अपवाद म्हणून पाठ करत होत्या.

आणि आयनायझेशन एनर्जी, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४ किलोज्यूल प्रति मोल. तुम्ही पेन्सिलनं या दोन आकड्यांना गोल केलात आणि म्हणालात, डावीकडून उजवीकडे वाढते एवढंच पाठ केलंस तर इथं फसशील, नायट्रोजनचे टू पी मधले तीन इलेक्ट्रॉन तीन खोल्यांत एकेक बसलेत, ऑक्सिजनला चौथा जोडीनं बसवावा लागतो, म्हणून त्याचा काढायला सोपा. एवढ्या सोप्या भाषेत मला कोणीच सांगितलं नव्हतं.

तुम्हाला स्वतःचा पेपर होता दोन दिवसांवर, तरी खाली जाऊन प्रिंट काढून आणलीत, पैसेही घेतले नाहीत. ती प्रिंट आता माझ्या टेबलासमोर आहे, जुना चार्ट काढून टाकला. तिच्या झेरॉक्स पाच मुलींनी नेल्यात, देताना मी प्रत्येकीला ११३ आणि क्रोमियम आधी बघायला सांगते, घरातला चार्ट तपासायला. दादा, खरंच खूप खूप थँक्यू. इकडे आलात तर अभ्यासिकेत नक्की या, मी अजून खिडकीजवळच बसते.