औषधासोबत मराठीत सूचनांचा कागद द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या यजमानांच्या पाठीवरचा तीळ मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचा, निघाला, तोवर फुप्फुसात गाठी झाल्या होत्या. तपासणीत ‘बीआरएएफ’ जनुकातला बदल सापडला आणि डॅब्राफेनिबच्या कॅप्सूल व ट्रॅमेटिनिबची गोळी सुरू झाली. केमो नाही, घरच्या घरी औषध, म्हणून सगळ्यांनाच हायसं वाटलं.

ऐन पावसाळ्यात एका रात्री त्यांना हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते, ताप १०३. गावातल्या दवाखान्यात मलेरिया, डेंग्यू, सगळं तपासलं. काहीच निघालं नाही. सलाइन, अँटिबायोटिक चालू आणि कॅन्सरचं औषध ‘चुकवायचं नाही’ म्हणून तेही चालूच. अखेर कॅन्सरतज्ज्ञांना फोन लागला. त्यांनी दोन्ही औषधं तात्पुरती थांबवली आणि ताप उतरला.

ही औषधं एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना ताप येतो, हे मला तेव्हा कळलं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की दोन्ही औषधं थांबवून तज्ज्ञांना कळवायचं, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहायचं आणि २४ तास ताप नसला की त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करायची. अमेरिकेत ही औषधं २०१३ मध्ये मंजूर झाली. म्हणजे ही माहिती काही आजची नाही. पण ती रुग्णाच्या घरी पोचत नाही. डबीतला कागद इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं.

तापाला घाबरून औषध कायमचं सोडणं तर फारच वाईट. याच औषधांनी यजमानांच्या गाठी आकसल्या आहेत.

म्हणून कॅन्सर रुग्णालयांना कळकळीची विनंती: पहिल्या डबीसोबत ठळक मराठीत एक पान द्या. ताप आल्यास काय करायचं, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डोळे दाखवायचे, हृदयासाठी टूडी एको कधी करायचा, ट्रॅमेटिनिब फ्रीजमध्ये ठेवायची, डॅब्राफेनिब उपाशीपोटी घ्यायची, एवढं त्यात असावं. खाली गावच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर.

– एका रुग्णाची पत्नी, सातारा जिल्हा