रविवारची शर्यत

इंडियानापोलिस, 27 मे 2025

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर घाईत सांगितलं, पण मन भरलं नाही, म्हणून लिहितेय. इथे राहून चार वर्षं झाली, आणि रविवारी पहिल्यांदा ‘इंडी 500’ ही मोटारींची शर्यत पाहिली.

बाबा, तुम्ही मला खांद्यावर बसवून घाटात न्यायचात, बैलगाड्यांच्या शर्यतींना. गाडा कुणाचा, बैल कुठल्या गावचे, मला काही कळायचं नाही. भंडारा उधळला, लोक ओरडले, की मीही ओरडायचे. परवा अगदी तस्संच झालं. अडीच मैलांचा ट्रॅक, 200 फेऱ्या, 33 गाड्या आणि साडेतीन लाखांच्या आसपास माणसं! डबा न्यायला परवानगी असते, म्हणून मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. शेजारच्या आजोबांनीही दोन धपाटे खाल्ले.

सुरुवातीआधी शहीद जवानांसाठी बिगुल वाजवतात. एवढी गर्दी, पण लहान मूलसुद्धा बोललं नाही. माझे डोळे भरून आले.

पावसामुळे सुरुवात लांबली. मी आपली रंगावरून एक पिवळी गाडी धरून ठेवली होती. ती शर्यत सुरू व्हायच्या आधीच, टायर गरम करतानाच, घसरून भिंतीवर आदळली. चालक सुखरूप उतरला, पण त्याचा चेहरा पडद्यावर बघवत नव्हता. मग हिरवं निशाण पडलं आणि सगळ्या गाड्या एकदम समोरून गेल्या. तो आवाज कानात नाही, छातीत घुमतो. ताशी साडेतीनशे किलोमीटर! मान वळवेपर्यंत गाड्या पुढच्या वळणावर. आणि घाटातली एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, होते ना, त्याहून कमी वेळात गाडी थांबवून तिथली मदतनीस पोरं चारही चाकं बदलून इंधन भरतात. मला तर शर्यतीपेक्षा तेच बघत राहावंसं वाटत होतं.

शेवटच्या चौदा फेऱ्या उरल्या असताना आलेक्स पालोउ नावाचा चालक पुढे गेला आणि जिंकला. ही शर्यत जिंकणारा तो पहिला स्पॅनिश माणूस. सुरुवातीच्या रेषेवर अजून एक यार्ड रुंद विटांचा पट्टा आहे. 1909 साली सगळा ट्रॅकच विटांचा केला होता, बत्तीस लाख विटांचा. जिंकणारे त्या पट्ट्यावर ओठ टेकवतात.

आई, हे खास तुझ्यासाठी. जिंकणारा इथे दूध पितो. 1936 साली लुई मेयर तिसऱ्यांदा जिंकला आणि त्याने ताक मागितलं. उन्हातून आलं की ताक प्यावं, असं त्याच्या आईने सांगितलं होतं म्हणे. त्यातूनच पुढे दुधाची प्रथा पडली. ऐकलं आणि तुझा तांब्या डोळ्यांसमोर आला.

पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघं याच. बाबांच्या गुडघ्यांचं मी पाहून ठेवलंय, फार पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशी जागा मिळते. पासपोर्टची मुदत तेवढी बघून कळवा.

तुमची,
ताई