रविवारी लेथवर पेन : येताना एवढं पाहा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आपल्या नेहमीच्या शेडमध्ये लेथवर (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) लाकडी पेन बनवायला जमायचं आहे. पत्रा तापायच्या आत काम उरकू.

• लाकूड पूर्ण वाळलेलंच आणा. बाभूळ, शिसव, चिंच काहीही चालेल. ओलं लाकूड सोलापूरच्या उन्हात पेनाच्या आतल्या नळीवरच तडकतं आणि सगळी मेहनत वाया जाते.
• स्लिमलाइन किटसाठी (बारीक पेनाच्या सुट्या भागांचा संच) लाकडात ७ मिमीचं भोक पाडून त्यात पितळी नळी शनिवारी रात्रीच एपॉक्सीने चिकटवा. आधी ती पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर सुटते.
• लेथवर हातमोजे, ओढणी, लोंबत्या बाह्या, अंगठी अजिबात चालणार नाही. चष्मा आणि मास्क हवाच. शिसवाची धूळ छातीला वाईट.

नवीन सभासदांनी शनिवारपर्यंत कळवावं, म्हणजे जोडीला जुना माणूस देता येईल.