रस्त्याला नाव देण्याच्या प्रस्तावाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या विभागातील दिवंगत अग्निशमन अधिकाऱ्यांचे नाव मागच्या रस्त्याला द्यावे, असा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा आहे. सह्या रविवारी सकाळी १० ते १२, कार्यालयात.

आधी एक गोष्ट तपासायची: रस्ता पालिकेच्या ताब्यात आहे का आणि त्याला जुने अधिकृत नाव आहे का. पाटी गंजून पडली म्हणजे नाव गेले असे होत नाही. ठराव दप्तरात असतोच. खासगी गल्ली असेल तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून हद्द मोघम लिहू नका. 'अमुक चौकापासून तमुक नाल्यापर्यंत' असे लिहून नकाशावर लाल रेघ मारा.

सोबत मृत्यूचा दाखला, सेवेचा तपशील आणि कुटुंबीयांची लेखी संमती जोडा. नावाचे स्पेलिंग घरच्यांकडूनच घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पाटी एकदा लागली की दुरुस्तीला पुन्हा खेटे.

नाव आटोपशीर ठेवा. मुंबईतला पेडर रोड हा ब्रिटिशकालीन पालिका आयुक्त पेडर यांच्या नावाचा. अधिकृत नाव आता डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, तरी टॅक्सीवाल्याला आपण काय सांगतो?

ठराव मंजूर होईपर्यंत स्वतःची पाटी लावू नये. अनधिकृत म्हणून ती काढली जाते.

– कार्यकारिणी