माळरानाची सवय आणि घाटाचे वळण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घाटात दुचाकी घसरली की बातमीत ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे शब्द येतात आणि विषय तिथेच मिटतो. ताबा सुटला हे खरेच. पण तो कशामुळे सुटला, हे सहसा कोणी विचारत नाही. सोलापुरात गेली बावीस वर्षे मोटारसायकल आणि त्यातली शेवटची सहा वर्षे माळरानावरही चालणारी उंच गाडी वापरणारा माणूस म्हणून या प्रश्नाच्या एकाच बाजूविषयी, म्हणजे माळरानावर लागलेली वळायची सवय डांबरी घाटात कशी नडते याविषयी, लिहीत आहे.

एक्सपल्स, हिमालयन यांसारख्या, कच्च्या आणि पक्क्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेल्या गाड्या आता होटगी रोडवर आणि जुळे सोलापुरात जागोजागी दिसतात. आपला मुलूख सपाट आणि रस्ते सरळ असल्यामुळे तुळजापूरचा घाट येईपर्यंत वळण म्हणावे असे वळण फारसे भेटत नाही, आणि म्हणून या गाड्यांवरची मुले वळायला शिकतात ती माळावर, मुरमाच्या वाटांवर. तिथे ती जे शिकतात ते तिथल्यापुरते अगदी योग्य असते. चाक सरकणारच हे गृहीत धरून गाडी आत लोटायची, स्वतः ताठ राहायचे, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचे आणि वेळ पडल्यास आतला पाय पुढे काढायचा. म्हणजे चाक सरकले तरी अंग गाडीच्या वर राहते आणि तोल सावरता येतो.

डांबरावर ताशी साठच्या वेगाने हीच पद्धत अंगाशी येते. स्वाराचे धड वळणाच्या बाहेर राहिले, तर तेच वळण त्याच वेगाने पार करण्यासाठी गाडीला जास्त झुकावे लागते आणि टायरच्या कडेशी शिल्लक ठेवायची पकड विनाकारण आधीच खर्च होते. त्यातून टायर मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे असतील आणि माळासाठी कमी केलेली हवा पुन्हा भरून घेतली नसेल, तर झुकलेल्या गाडीखाली ते ठोकळे दबून वाकतात आणि गाडी डुलू लागते. डांबरावर धड गाडीच्या रेषेत किंवा किंचित आत, कोपर सैल, दोन्ही पाय फूटरेस्टवर आणि नजर वळण जिथे उलगडते तिथे असायला हवी. ताठ बसून गाडी खाली लोटण्याला डांबरावर जागा आहे ती केवळ अगदी संथ, अरुंद वळणात.

वेगाचा हिशेब तरुणांना आकड्यांत सांगितला तर पटतो, असा माझा अनुभव आहे. पन्नास मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी ४० किलोमीटरने घेताना गाडी आणि स्वार मिळून साधारण १४ अंश झुकतात, ६० ने सुमारे ३० अंश आणि ८० ने ४५ अंश. वेग दुप्पट झाला की बाजूला खेचणारा जोर चौपट होतो. रस्त्याची पकड मात्र होती तेवढीच राहते. म्हणून वेग कमी करणे आणि गिअर खाली आणणे ही दोन्ही कामे गाडी सरळ असतानाच संपवली पाहिजेत, आणि वळणात शिरल्यावर रेस हलक्या हाताने, न तोडता, थोडी थोडी वाढवत नेली पाहिजे.

या गाड्यांच्या बाबतीत ब्रेकचा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. एक्सपल्स २०० चा पुढचा शॉक १९० मिलिमीटर आणि हिमालयन ४११ चा २०० मिलिमीटर दबतो. खड्ड्यांसाठी ही मोठीच सोय असली, तरी पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडीचे नाक खोल बुडते आणि एकदम सोडला की तितक्याच जोरात वर येते. हे उतरणे-चढणे ऐन वळणात घडले तर गाडी धरलेली रेषा सोडते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ‘एबीएस आहे, काही होत नाही’ असे मुलांच्या तोंडून ऐकले की मला काळजी वाटते, कारण साध्या एबीएसला गाडी किती झुकली आहे हे कळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी तुळजापूरच्या याच घाटात डावीकडच्या एका वळणावर समोरून ट्रक आला, माझी नजर त्याच्या तोंडावर खिळली आणि हाताने पुढचा ब्रेक आवळला. झुकलेली गाडी ताठ झाली आणि न वळता सरळ मधल्या रेषेपलीकडे गेली. ट्रकचालकाने ट्रक आपल्या कडेला घेतला, म्हणून मी वाचलो. त्या क्षणी करायचे होते ते एवढेच, की नजर वळणाच्या पुढे न्यायची आणि हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. मूठ ज्या बाजूची ढकलावी त्या बाजूला चालती गाडी झुकते आणि वळते. हे ऐकायला उलटे वाटते, पण ताशी वीस-पंचवीसच्या पुढे दुचाकी अशीच वळते, आणि या गाड्यांचे हँडल रुंद असल्यामुळे त्याला जोरही फार लागत नाही. सोळा-सतरा वर्षे गाडी चालवूनही मला हे कोणी सांगितले नव्हते.

उजव्या वळणावर रेषा सुटली तर गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला जाते, आणि नवरात्रात व कोजागरीला त्याच कडेने भाविक तुळजापूरला पायी जात असतात. उसाच्या गळीत हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेला, चाकांखाली चिरडलेला ऊस आणि शेतातून आलेला चिखल रस्त्यावर असतो; पुढचे एकवीस इंची, अरुंद चाक झुकलेल्या स्थितीत त्यावर गेले तर चांगल्या चालकालाही फारसे काही करता येत नाही.

परवान्याच्या चाचणीत आपण आठचा आकडा काढून दाखवतो. त्यात तोल तपासला जातो, हे मान्य. परंतु तो आकडा माणसाच्या चालीने काढला जातो, त्यात हँडल वळायचे त्याच बाजूला फिरवले जाते आणि अंग ताठ ठेवलेले चालते. रस्त्यावरच्या वेगाने वळायची परीक्षा उमेदवाराने दिलेलीच नसते. ब्रिटनमध्ये २००९ पासून ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने अडथळा चुकवून दाखवणे हा मोटारसायकलच्या चाचणीचा भाग आहे. आपल्याकडे इतके लगेच जमणार नसेल, तर निदान मोकळ्या मैदानात ताशी तीस-पस्तीसने शंकूंमधून गाडी नेण्याचा सराव परिवहन विभागाने चाचणीआधी ठेवावा, आणि असल्या उंच गाड्या विकणाऱ्यांनी गाडी ताब्यात देताना ग्राहकाला एक सकाळ तरी मैदानावर न्यावे. तसेच घाटातल्या वळणांच्या आतल्या कडेला साचणारी खडी गळीत हंगामात दर आठवड्याला झाडली जावी.

असा सराव कोणी सुरू केल्यास दर रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या पेट्रोलने शिकवायला येण्याची माझी तयारी आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक
जुळे सोलापूर